नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

आमच्या कार्यालयात गेल्या वर्षी एक प्रकरण घडले. तसे पाहिले तर लहानच. त्याची फाईल बंद होऊन अभिलेख-कक्षात गेली आहे आणि तिची आठवण ठेवण्याचे कारण आता कोणास उरलेले नाही. तथापि ती फाईल आम्ही उघडली होती आणि तिच्यातील पहिले टिपणही आमच्याच हातचे होते. त्यामुळे असेल, आमच्या मनातून ती अजून बंद झालेली नाही.

कुटुंब-निवृत्तिवेतनाच्या थकबाकीचा हिशोब करणारी एक आज्ञावली आमच्या संगणकावर आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी कंत्राटावर आलेल्या एका गृहस्थाने ती लिहिली आणि कंत्राट संपताच तो आपल्या वाटेने गेला. आज्ञावलीचे जे अनेक तुकडे त्याने पाडले होते, त्यांपैकी एकाचे नाव त्याने ‘टेम्प’ असे ठेवले होते. टेम्प म्हणजे टेम्पररी, तात्पुरते. पहिल्या दिवशी ते तात्पुरते असेलही. पुढे मात्र महागाई-वाढीच्या फरकाचा सारा हिशोब त्याच तुकड्यात येऊन बसला आणि रोज रात्री तो निमूटपणे आपले काम करीत राहिला. मागील वर्षी संगणक-शाखेत कुंभकोणमकडचा एक तरुण नव्याने रुजू झाला. त्याने उत्साहाने साफसफाई आरंभली, आणि रात्री चालणाऱ्या कामांच्या यादीत जे स्वतःला ‘तात्पुरते’ म्हणवीत होते ते वगळून टाकले. आज्ञावली बंद पडली नाही, तिने तक्रारही केली नाही. फरकाच्या रकान्यात ती फक्त शून्य दाखवू लागली. शून्याचा संशय कोणास येतो? दोन महिने अकरा विधवांची थकबाकी निघाली नाही. त्यांतील एक वृद्ध बाई तांबरमहून लोकलने येऊन खिडकीशी उभ्या राहिल्या, तेव्हा हे उघडकीस आले.

त्या तरुणाकडून खुलासा मागवण्यात आला. खुलासा दोन ओळींचा होता. त्या मॉड्यूलचे नाव ‘तात्पुरते’ असे होते आणि आपण त्या नावावर विश्वास ठेवला, एवढेच त्याने लिहिले होते. खुलासा समाधानकारक नसल्याचा शेरा पडला, ताकीद देण्यात आली, अकरा जणींचे पैसे पुढील महिन्यात गेले आणि प्रकरण मिटले. ज्याने नाव ठेवले त्याला कोणी काही विचारले नाही; ज्याने नावावर विश्वास ठेवला त्याला आम्ही नावे ठेवली. मराठीत हे दोन वाक्प्रचार इतके शेजारी नांदतात, पण एकाचा हिशोब दुसऱ्याच्या खात्यावर कसा चढतो हे आम्ही प्रथमच इतक्या जवळून पाहिले.

ज्या वाचकांचा संगणकाशी संबंध ई-ऑफिसपुरताच येतो, त्यांच्यासाठी दोन शब्द खुलाशाचे लिहितो. आपल्या प्रत्येक शाखेत एक गार्ड-फाईल असते. तिच्यात जुने आदेश आणि नमुन्याचे मसुदे लावलेले असतात, आणि पत्राचे उत्तर लिहावयाचे झाले की शहाणा कारकून कोरा कागद घेऊन बसत नाही, तर योग्य तो नमुना काढतो. प्रोग्राम लिहिणारेही हेच करतात. दुसऱ्याने लिहून ठेवलेला तयार तुकडा ते आपल्या कामात बोलावतात. अशा तुकड्याला मॉड्यूल म्हणतात, आणि अनेक तुकड्यांच्या संग्रहाला लायब्ररी. बोलावण्याची रीत एकच, ती म्हणजे त्याचे नाव लिहिणे. आता यात एक मौज आहे. यंत्र ते नाव वाचत नाही, फक्त अक्षराशी अक्षर जुळवून पाहते. त्याच्या लेखी ‘टेम्प’, ‘थकबाकी’ आणि ‘क्षयज्ञ’ यांत काडीचा फरक नाही. तेव्हा नावाला जो अर्थ असतो तो सर्वस्वी माणसासाठी असतो. आज लिहिणाऱ्या एका माणसाकडून उद्या वाचणाऱ्या, बहुधा अनोळखी अशा, दुसऱ्या माणसाकडे गेलेला तो निरोप असतो. यंत्राच्या पोटात इतक्या ठिकाणी इतके काही असते, पण खोटे बोलता येईल अशी जागा त्यात फार थोडी आहे. नाव ही त्यांपैकी मोठी जागा.

यावर कोणी म्हणेल की नाव ही केवळ खूण आहे, आणि खुणेला नीतीचे ओझे कशाला? आपल्याकडे हा वाद जुनाच आहे. शब्द आणि अर्थ यांचे नाते नित्य आहे असे मीमांसक म्हणत आले, आणि ते संकेताने जुळवलेले आहे असे नैयायिक. संकेतातही शास्त्रकारांनी भेद केला: अनादि काळापासून चालत आलेला तो आजानिक, आणि अलीकडे कोणी शास्त्रकाराने किंवा बापाने ठरवलेला तो आधुनिक. मॉड्यूलचे नाव या दुसऱ्या वर्गातले, हे उघड आहे. पण महाभाष्याच्या आरंभी पतंजलींनी जो दाखला दिला आहे तो आम्हांस याहून अधिक कामाचा वाटतो. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांच्या मराठी भाषांतरामुळे तो आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचा असेल. घडा हवा असला म्हणजे माणूस कुंभाराकडे जातो आणि घडा घडवून दे म्हणतो; शब्द हवा म्हणून वैयाकरणाच्या दारी जाऊन ‘शब्द घडवून द्या’ असे कोणी सांगत नाही. शब्द आधीपासून लोकांत असतो.

मॉड्यूलच्या नावाची गोष्ट मात्र विलक्षण आहे. ते जन्मते घड्यासारखे, आणि पुढे वागते शब्दासारखे. एका माणसाने एका दुपारी, कदाचित जेवणाची सुटी संपता संपता, ते घडवलेले असते. त्या क्षणी ते पूर्णपणे त्याचे असते आणि त्याला हवे तर तो ते फोडून दुसरे घडवू शकतो. नंतर दुसरा कोणी ते आपल्या कामात लिहितो, तिसरा लिहितो, आणि कळत-नकळत असा एक दिवस येतो की ते नाव लोकांत गेलेले असते आणि घडवणाऱ्याच्या हाती राहत नाही. हा दिवस कोणता हे कोणत्याही नोंदवहीत लिहिलेले नसते. आमच्या मते या विषयातील सारी नीती या न नोंदलेल्या दिवसाभोवती फिरते.

पाणिनीला हे ठाऊक असावे. त्याने आपल्या घरच्या उपयोगासाठी केलेल्या संज्ञा किती तुटपुंज्या आहेत पाहा: ‘टि’, ‘घु’, ‘भ’. ‘घु’ म्हणजे दा आणि धा हे धातू; त्या अक्षरात देण्याघेण्याचा कसलाही वास नाही. एकाच सूत्रग्रंथात, एकाच अभ्यासकमंडळात वापरावयाच्या संज्ञेला असे असणे शोभते. परंतु तोच पाणिनी ‘सर्वनाम’ अशी लांबलचक संज्ञा करतो तेव्हा भाष्यकार थांबतात. संज्ञा ही लाघवासाठी असताना एवढी मोठी का केली? उत्तर असे, की ती अन्वर्थ आहे; नावच आपला अर्थ सांगते. म्हणजे नाव एक तर आखूड असावे आणि मुक्यानेच राहावे, किंवा लांब असावे आणि खरे बोलावे. ‘टेम्प’ हे आखूड असून बोलत होते, आणि खोटे बोलत होते. दोन्हींकडचे दोष त्याने गोळा केले होते. त्याच्या कर्त्याने त्याला ‘घु’ म्हटले असते तर तो तरुण निदान थबकला असता.

आजच्या प्रोग्रामरांचेही याविषयी संकेत आहेत. पायथन नावाची भाषा 1991 साली लोकांपुढे आली. तिचे नाव सर्पावरून नाही, ‘मॉन्टी पायथन’ या इंग्रजी विनोदी मंडळीवरून आहे. पण तिच्या संकेतपत्रात, जे 2001 सालचे आहे, विनोदाला वाव नाही: मॉड्यूलचे नाव आखूड असावे, सर्व अक्षरे लहान लिपीतली असावीत, आणि वाचण्यास सोपे होत असेल तर दोन शब्दांमध्ये अधोरेषा घालावी. जावा या भाषेची रीत निराळी. तेथे नावाआधी संस्थेचा इंटरनेटवरील पत्ता उलटा करून लिहितात, म्हणजे मोठ्या कुळापासून आरंभ करून लहानाकडे यावयाचे, जेणेकरून दोन संस्थांनी एकच नाव ठेवले तरी गोंधळ होऊ नये.

ही उलटी रीत आम्हां मराठी माणसांना विचित्र वाटते, पण चेन्नईत राहणाऱ्याला वाटू नये. आपण आधी स्वतःचे नाव सांगतो, मग वडिलांचे, शेवटी आडनाव. येथे शाळेत मुलाचे नाव घालावयास गेलो तर पहिला प्रश्न ‘इनिशियल काय?’ असा येतो, कारण वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आधी आणि मुलाचे नाव नंतर. जुन्या रीतीत गावाचे आद्याक्षर त्याच्याही आधी. आडनाव ही वस्तूच नाही. आणि दिल्लीत छापलेल्या नमुन्यात आडनावाचा रकाना सक्तीचा असतो, म्हणून येथले कित्येक लोक आपल्या बापाला आपले आडनाव करून मोकळे होतात. असो.

या रीतीचे एक थोर उदाहरण म्हणजे शियाळी रामामृत रंगनाथन. शियाळी हे गाव, रामामृत हे वडील, आणि रंगनाथन ते स्वतः. तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील हे गाव, आता शीर्काळी. 1892 साली त्यांचा जन्म झाला, प्रेसिडेन्सी कॉलेजात ते गणित शिकवीत, आणि 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. पहिल्या दिवसांत त्यांना त्या कामाचा इतका कंटाळा आला की ते परत कॉलेजात जाऊ पाहत होते. पुढे शिक्षणासाठी लंडनला गेले असता एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो नावाचे खेळणे पाहिले. थोड्याशाच पट्ट्या आणि स्क्रू, पण जोडाल तसे नवे यंत्र. ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाच्या 1876 सालच्या पद्धतीत प्रत्येक विषयाला आगाऊ तयार केलेला खण होता. रंगनाथनांनी ठरवले की खण नकोत, पट्ट्या द्याव्यात आणि विषयाप्रमाणे जोडाव्यात. जोडण्यासाठी त्यांनी अपूर्णविरामाचे चिन्ह घेतले, म्हणून त्यांच्या पद्धतीला ‘कोलन वर्गीकरण’ म्हणतात. ती 1933 साली मद्रासेत छापली गेली. प्रोग्रामर ज्याला मॉड्यूल म्हणतो त्याची कल्पना आणि मेकॅनोची पट्टी यांत आम्हांस फारसे अंतर दिसत नाही. आणि ‘लायब्ररी’ हा शब्दही त्या मंडळींनी पुस्तकांच्या घरातूनच उचललेला आहे.

चेपॉकच्या समुद्राकाठी विद्यापीठाच्या त्या वास्तूवरून आम्ही कचेरीस जाता-येता नेहमी जातो. रंगनाथनांनी वर्गीकरणाच्या कामाचे तीन स्तर मानले: कल्पनेचा, शब्दाचा आणि चिन्हाचा. शब्दस्तरासाठी त्यांनी चार नियम घालून दिले, आणि नामकरणावर इतके थोडक्यात इतके नेमके दुसरीकडे आमच्या वाचनात नाही. पहिला संदर्भाचा. संज्ञेचा अर्थ तिच्या वरच्या साखळीवरून घ्यावा. ‘रोग’ हा शब्द शेतीखाली आला तर पिकाचा आणि वैद्यकाखाली आला तर माणसाचा. दुसरा गणनेचा. संज्ञेखाली जे जे मोजले आहे तोच तिचा अर्थ, कोशात काहीही असो. आमच्या शाखेत ‘संकीर्ण’ नावाची फाईल आहे. कोशात तिचा अर्थ किरकोळ असा असेल, पण तिच्यातील कागद मोजाल तर ‘ज्याचा निर्णय घेण्याची कोणास हिंमत झाली नाही ते सर्व’ असा निघेल. फाइलीचे शीर्षक थोडक्यात असावे आणि आतील विषय एका दृष्टिक्षेपात कळावा, हे कार्यालयीन पद्धतीच्या नियमपुस्तिकेत आपण सर्वांनी विभागीय परीक्षेसाठी पाठ केलेले आहे. तरी ‘संकीर्ण’ फुगतच जाते. प्रोग्रामरांच्या लायब्रऱ्यांतही ‘युटिल्स’, म्हणजे उपयोगी वस्तू, अशा नावाचे एक मॉड्यूल हटकून असते असे तो तरुण आम्हांस सांगत होता. उपयोगी नसलेली वस्तू लायब्ररीत कोण ठेवतो, असे त्याला विचारावेसे वाटले.

तिसरा नियम प्रचलिततेचा. जी संज्ञा लोकांत चालते ती घ्यावी, आणि चालणे थांबले की बदलावी. तारसेवा 2013 साली बंद झाली, तरी तारेच्या पत्त्याचा रकाना असलेले छापील नमुने त्यानंतरही आम्ही पाहिले आहेत. चौथ्या नियमाकडे आम्ही शेवटी येणार आहोत, कारण तो आमच्या अंगावर आला.

तिसरा नियम वाचावयास सोपा आणि पाळावयास सर्वांत अवघड आहे. कारण बदलावी असे म्हटले तरी बदलावी कोणी? 2016 सालच्या मार्च महिन्यात या प्रश्नाने प्रोग्रामरांच्या जगात मोठी खळबळ उडवली. अझेर कोचुलू नावाच्या प्रोग्रामरने आपल्या एका लायब्ररीला ‘किक’ असे नाव ठेवले होते आणि ती एनपीएम नावाच्या सार्वजनिक भांडारात ठेवली होती. त्याच नावाची एक कॅनेडियन कंपनी होती; तिने नावावर हक्क सांगितला. कोचुलू नाव सोडीना. भांडार चालवणाऱ्यांनी ते नाव कंपनीला दिले. यावर त्याने रागाने आपल्या अडीचशेहून अधिक लायब्रऱ्या भांडारातून काढून घेतल्या. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ नावाची एक होती, अवघ्या अकरा ओळींची. अक्षरांच्या डावीकडे रिकामी जागा भरणे एवढेच तिचे काम. परंतु हजारो लोकांच्या आज्ञावल्या, बहुतेकांना पत्ता नसताना, तिला नावाने हाक मारीत होत्या. हाकेला ओ आली नाही आणि ठिकठिकाणची कामे थांबली. काही तासांतच भांडाराने मालकाच्या इच्छेविरुद्ध ती परत आणून ठेवली, आणि पुढे काढून घेण्याचे नियमच कडक केले.

या भांडणात आमची सहानुभूती प्रथम कोचुलूकडे होती. गरिबाचे नाव धनवानाने घ्यावे, हे कोणास आवडेल? पण त्याने जे काढून घेतले ते कंपनीचे नव्हते. ज्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला होता त्यांचे होते. घडे त्याचे खरे, पण त्यात एव्हाना लोकांचे पाणी होते. आमचा ‘टेम्प’कार आणि हा कोचुलू वरवर पाहता अगदी भिन्न प्रकृतीचे, एकाने आळसाने केले, दुसऱ्याने मानीपणाने. तरी दोघांची चूक एकाच ठिकाणची आहे. नाव ठेवणे हे लोकांना दिलेले वचन असते, हे दोघांच्याही ध्यानात आले नाही. आणि असले वचन दिले गेलेले आहे हे जाणूनच ठग पुढे येतात. 2017 साली त्याच भांडारात ‘क्रॉस-एन्व्ह’ या प्रसिद्ध लायब्ररीच्या शेजारी कोणी तरी मधली आडवी रेघ गाळून ‘क्रॉसएन्व्ह’ ठेवून दिले होते; घाईत रेघ विसरणाऱ्यांच्या संगणकावरील गुप्त माहिती ते चोरून पाठवीत असे. विश्वास नसता तर चोरी कशाची होणार होती?

मग एकदा लोकांत गेलेले नाव कधीच बदलू नये काय? येथे आम्ही चेन्नईकर म्हणून थोडे बोलू शकतो. मद्रास राज्याचे तमिळनाडू 1969 साली झाले आणि मद्रास शहराचे चेन्नई 1996 साली. तरीही उच्च न्यायालय मद्रासचेच आहे, विद्यापीठ मद्रासचे आहे, आय.आय.टी. मद्रासची आहे. सेंट्रल स्थानकाला 2019 साली एम. जी. रामचंद्रन यांचे नाव दिले गेले, परंतु रेल्वेच्या तिकिटावर त्याचे सांकेतिक अक्षर ‘एमएएस’ आहे, आणि विमानतळाचे ‘एमएए’. दोन्हींत मद्रासचा ‘एमए’ निवांत बसलेला आहे. याला कोणी विसंगती म्हणेल. आम्हांस यात मोठे शहाणपण दिसते. पाटीवरचे नाव लोकांच्या स्वाभिमानासाठी असते, ते बदलावे. पण ज्या नावाने यंत्रे आणि दप्तरे एकमेकांना हाक मारतात ते आत तसेच राहू द्यावे. ज्या 1996 साली शहराचे नाव बदलले त्याच साली इंटरनेटच्या एका मूळ नियमपत्रात ‘रेफरर’ या इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग एक ‘आर’ गाळून छापले गेले. तोवर त्या चुकीच्या अक्षरांवर इतके लोक विसंबून राहिले होते की ती सुधारता आली नाही, आणि जगातील यंत्रे आजही ती चूक दररोज बिनचूक लिहीत आहेत.

आमच्या पूर्वजांनी याहून धाडसाचा प्रयोग केला होता. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी राजव्यवहारकोश केला. हे पंडित म्हणजे तंजावरकर व्यंकोजीराजांच्या पदरी राहिलेले रघुनाथपंत हणमंते, असे परंपरेने मानले जाते. दहा वर्गांत त्यांनी दरबारातल्या फारसी संज्ञांना संस्कृत प्रतिसंज्ञा दिल्या. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. हेतू उदात्त होता, अधिकार निर्विवाद होता. आणि झाले काय? सचिव आणि मंत्री आजच्या मंत्रालयात सुखाने बसले आहेत. उलट पेशवा काही केल्या प्रधान झाला नाही: शिक्क्यात ‘मुख्य प्रधान’, आणि रयतेच्या तोंडी शेवटपर्यंत पेशवेच. छत्रपतींच्या आज्ञेलाही लोकांच्या जिभेशी तडजोड करावी लागली. परंतु शिक्का एका नावाचा आणि बोलणे दुसऱ्या नावाचे, असे शंभर वर्षे चालूनही कोणा वतनदाराचे कागद त्यामुळे अडल्याचे आम्ही वाचलेले नाही, कारण दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत हे सर्वांस ठाऊक होते.

ही तडजोड नाकारली म्हणजे काय होते तेही प्रोग्रामरांनी अनुभवले. जावा भाषेतील व्यापारी कामाच्या मोठ्या लायब्रऱ्या ‘जावाएक्स’ या कुळनावाखाली होत्या. ओरॅकल कंपनीने 2017 साली त्या एक्लिप्स प्रतिष्ठानाला देऊ केल्या. पण ‘जावा’ हे व्यापारचिन्ह तिने स्वतःकडे ठेवले. बोलणी फिसकटली, आणि 2020 साली सर्व कुळनावे बदलून ‘जकार्ता’ करावी लागली. आतील काम जवळजवळ तेच. तरी जगभरच्या प्रोग्रामरांना आपापल्या लिखाणात एकेक नाव शोधून बदलण्याचा उद्योग लागला. घर दान दिले, पण पाटी उतरवून घेतली.

काही नावे मात्र अशी असतात की त्यांच्यासाठी हा उद्योग करणे भागच असते. मुख्य शाखेला ‘मास्टर’ म्हणण्याची प्रोग्रामरांची रीत होती. या शब्दामागे धनी आणि गुलाम यांची सावली आहे अशी तक्रार झाली आणि 2020 च्या ऑक्टोबरपासून गिटहब या मोठ्या भांडाराने नव्या कामांसाठी ‘मेन’ हे नाव घातले. जुनी नावे त्यांनी बळेच पुसली नाहीत. कित्येकांना हा फाजील हळवेपणा वाटला. आम्हांसही प्रथम तसेच वाटले, हे कबूल करतो. पण ज्याच्या पायावर दगड पडलेला नाही त्याने दगडाचे वजन सांगू नये.

रंगनाथनांचा चौथा नियम येथे उपयोगी पडतो. त्याला ते संयमाचा नियम म्हणतात. नाव देणाऱ्याने नावात आपले मत घालू नये. वस्तू कोणती ते सांगावे, बरी की वाईट ते सांगू नये. तो निकाल वाचणाऱ्याचा आहे. हा नियम प्रथम वाचला तेव्हा आम्ही मान डोलावली आणि पान उलटले. मग काही दिवसांनी, पगाराच्या एका कामासाठी जुनी यादी चाळीत असता त्या प्रकरणाच्या फाइलीचे शीर्षक डोळ्यांसमोर आले. शीर्षक असे होते: ‘संगणक-शाखेतील कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणाबाबत’. फाईल आम्ही उघडली होती. ज्या दिवशी खुलासा मागवण्याचे पत्र गेले, त्याच दिवशी. म्हणजे तो खुलासा येण्यापूर्वी आठ दिवस आम्ही त्याचा निकाल फाइलीच्या नावात लिहून ठेवला होता, आणि पुढे जे जे अधिकारी ती फाईल उघडीत गेले त्यांनी आधी आमचे नाव वाचले आणि मग त्याच्या दोन ओळी. त्यांनी नावावर विश्वास ठेवला. ते दुसरे काय करणार होते?

त्या तरुणाला आम्ही हे सांगितले. येथे धाकट्याला ‘तंबी’ म्हणतात. आम्हीही म्हणतो, आणि तो आम्हांस ‘सार’ म्हणतो. त्याला फारसे काही वाटलेले दिसले नाही. ‘असू द्या सार’, तो म्हणाला, आणि आपल्या अडचणीकडे वळला. ‘टेम्प’चे नाव बदलावे असे त्याच्या मनात होते, पण शोध घेतला तेव्हा चाळीस ठिकाणी ते नाव लिहिलेले आढळले, आणि त्यांतील काही जागा अशा की तेथे हात घालण्याची त्याला आता भीती वाटत होती. नवे नाव काय ठेवावे म्हणून त्याने आम्हांस विचारले. आम्ही पुष्कळ विचार करून एक अन्वर्थ नाव सुचवले: कुटुंब-निवृत्तिवेतन-महागाई-फरक. तो हसला, एवढे कोण टंकणार, म्हणाला. शेवटी ‘फरक’ एवढेच ठरले, रोमन लिपीत, लहान अक्षरांत. ‘टेम्प’ त्याने काढले नाही. त्या जागी आता काहीच काम होत नाही. जो कोणी त्या नावाने हाक मारील त्याला ते ‘फरक’कडे पाठवते, आणि वर इंग्रजीत एक ओळ लिहिलेली आहे की हे तात्पुरते नाही, काढू नये.

फाइलीचे तितके सोपे नाही. बंद झालेल्या फाइलीचे शीर्षक बदलावयाचे तर ती अभिलेखातून परत मागवावी लागते, आणि तसे करण्यास सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते. आम्ही तसे टिपण सादर केले आहे. ‘निष्काळजीपणाबाबत’ या शब्दाऐवजी ‘टेम्प हे मॉड्यूल वगळले गेल्याबाबत’ असे शब्द घालावेत, अशी विनंती त्यात आहे, आणि मूळ शीर्षक कोणी दिले होते तेही नमूद केले आहे. टिपण जाऊन तीन आठवडे झाले. काल चौकशी केली तेव्हा ते ‘संकीर्ण’मध्ये लावले आहे असे समजले.